डाव्या टोकाची झीज

जुना इंग्रजी चांदीचा चमचा हातात आला की आधी नक्षी बघू नये, मागचे ठसेही बघू नयेत. खोलगट बाजू वर करून, टोक आपल्यापासून लांब धरावं आणि त्या टोकाची कड न्याहाळावी. वर्षानुवर्षं वापरलेल्या चमच्याचं टोक सारखं गोल राहिलेलं नसतं. डावीकडून ते घासलेलं, किंचित तिरपं झालेलं असतं. उजव्या हाताने खाणारा माणूस ताटलीचा तळ खरवडतो तेव्हा चमच्याची डावी कडच चिनी मातीवर घासते. एका जेवणात काय घासणार? काहीच नाही. पण रोज रात्री, पुडिंगामागून पुडिंग, आजोबांकडून नातवाकडे आणि नातवाकडून त्याच्या पोरांकडे असं चाललं की चांदी हटतेच.

इथले व्यापारी अशा चमच्याला ‘थकलेला’ म्हणतात आणि भाव पाडतात. ज्याची कड शाबूत आहे, ज्याच्या दांड्यावरची नक्षी अजून बोटाला टोचते, त्याला चढा भाव. व्यापाराच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. माझं मात्र उलटं झालंय. इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये राहायला आल्यापासून मी लिलावाच्या खोल्या आणि जुन्या वस्तूंचे बाजार हिंडते, आणि राणी व्हिक्टोरियाच्या काळातली कोरी करकरीत चांदी दिसली की मनात येतं, हिच्याने कुणी जेवलंच नाही का? दीडशे वर्षं बनातीत गुंडाळून पडून राहायचं, हे काय चमच्याचं जिणं झालं!

लिलावाच्या यादीत ओळ असते : ‘व्हिक्टोरियन चांदीचा संपूर्ण संच, बारा माणसांचा.’ ओकच्या लाकडाची पेटी, पितळी कोपरे, आत हिरव्या बनातीचे कप्पे. मोठे काटे, लहान काटे, मोठे चमचे, पुडिंगचे चमचे, चहाचे चमचे, प्रत्येकी बारा. झाले साठ नग. त्यावर सूपचा डाव, सॉसचे छोटे डाव, मिठाचे आणि मोहरीचे चिमुकले चमचे, मासा वाढायचं जाळीदार नक्षीचं उलथनं, द्राक्षांचे घोस कापायची कात्री, शतावरीचे कोंब उचलायचा चिमटा. पेटी उघडली की डोळे दिपतात, नाही म्हणणार नाही. पण मग खाली बसायचं, भिंग काढायचं आणि एकेक नग उलटा करायचा.

मागे ओळीने ठसे असतात. चालता सिंह म्हणजे चांदी साडेब्याण्णव टंच. हा सिंह १५४४ पासून इंग्लंडच्या चांदीवर चालतो आहे. बिबट्याचं तोंड असलं तर कस लंडनमध्ये लावलेला, जहाजाचा नांगर असला तर बर्मिंगहॅममध्ये, मुकुट असला तर शेफिल्डमध्ये. बर्मिंगहॅम आणि शेफिल्ड या दोन्ही गावांना कस लावायची परवानगी १७७३ साली एकदमच मिळाली. त्यासाठी लंडनला खेटे घालणारी मंडळी ‘क्राउन अँड अँकर’ नावाच्या खानावळीत जमायची आणि मुकुट-नांगराची वाटणी तिथेच झाली, अशी कथा सांगतात. कथा म्हणून छान आहे. पुढे राणीचं मुंडकं : सरकारी कर भरल्याची खूण, १७८४ साली राजाच्या मुंडक्याने सुरू झालेली आणि १८९० साली कराबरोबरच गेलेली. मग घडवणाऱ्याची आद्याक्षरं. आणि शेवटी एक सुटं अक्षर, जे दरवर्षी बदलतं. चमचा कोणत्या साली कसाला लागला ते त्यावरून कळतं, आणि ‘संपूर्ण संच’ नावाच्या गोष्टीचं पितळ तिथेच उघडं पडतं. काटे १८४३ चे निघतात, मोठे चमचे १८५१ चे, चहाचे चमचे त्याहून पंधरा-वीस वर्षांनी धाकटे, आणि एखाद-दोन काट्यांवर भलत्याच घराण्याचं चिन्ह.

याला फसवणूक म्हणायचं कारण नाही. घरं मोडत होती, जुळत होती. बाप गेला की मृत्युपत्राप्रमाणे पेटीतले बारा काटे दोन भावांत सहा-सहा जात. ज्याच्याकडे सहा आले तो उरलेले सहा त्याच नमुन्याचे नवे करून घेई. नमुने ठरलेले असल्यामुळे ते जमायचंही. व्हायोलिनसारख्या खांद्यांचा साधा ‘फिडल’, शंखशिंपल्यांनी आणि वेलबुट्टीने मढवलेला जडशीळ ‘किंग्ज’, नुसत्या गोल टोकाचा सोज्वळ ‘ओल्ड इंग्लिश’. पन्नास वर्षांनीसुद्धा कारागिराला नाव सांगितलं की पुरे. दुसऱ्या घराण्याची चांदी विकत घेतली तर आधीची अक्षरं खरवडून आपली घालायची. अशा खरवडलेल्या जागी पत्रा पातळ होतो, अंगठ्याने दाबलं तर किंचित लवतो. आणि त्यावर तोंडाची वाफ सोडली की पुसलेल्या चिन्हाच्या कडा क्षणभर उमटतात. पहिल्यांदा एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने मला हे करून दाखवलं तेव्हा मी त्याच्या हातातून चमचा काढून घेऊन स्वतः दोन-तीनदा फुंकून पाहिलं होतं. “फुकट आहे, फुंका हवं तेवढं,” तो म्हणाला.

सुऱ्यांची कथा निराळीच. चमचे-काटे घडवणारा आणि सुऱ्या करणारा हे धंदेच वेगळे, त्यामुळे चांदीच्या संचाबरोबर सुऱ्या बहुतेक वेळा जन्मलेल्याच नसतात. सुरीची मूठ म्हणजे पातळ चांदीचे साच्यात दाबलेले दोन अर्धे तुकडे एकत्र जोडून आत राळ-डांबराचा मसाला भरलेला. कढत पाण्यात टाकली की मसाला सैल होतो आणि पातं मुठीतून हलायला लागतं. पातं साध्या पोलादाचं, लिंबाने काळं पडणारं, ओलसर राहिलं की गंजणारं. ब्रिजवॉटरच्या नदीतल्या गाळाची वीट करून तिची पूड पोलादावर रोज घासावी लागे. गंज न लागणारं पोलाद शेफिल्डमध्येच हॅरी ब्रेअर्लीच्या हाताला लागलं, पण ते १९१३ साली. राणी जाऊन बारा वर्षं झाली होती. म्हणून व्हिक्टोरियन पेटीतल्या सुरीचं पातं जर लखलखीत असेल तर मूठ जुनी आणि पातं मागाहून बसवलेलं, हे धरून चालायचं. हस्तिदंती मुठींचं तर आता विचारूच नका. ब्रिटनचा हस्तिदंताचा कायदा २०१८ साली झाला आणि जून २०२२ पासून लागू झाला. १९४७ पूर्वीच्या वस्तूत दहा टक्क्यांहून कमी हस्तिदंत असेल तर नोंदणी करून विकता येते. अख्खी मूठच हस्तिदंताची असलेली सुरी त्यात कुठली बसायला? लोकांच्या कपाटांत त्या पडून आहेत. विकता येत नाहीत आणि टाकवत नाहीत. हत्तींच्या बाजूने विचार केला तर उशीर झालाय, पण झालं ते बरंच झालं.

घडवणाऱ्यांमध्ये मला मेरी चॉनर आवडते. नवरा विल्यम लंडनमधला चमचे घडवणारा. तो गेल्यावर १८३४ साली तिने स्वतःच्या आद्याक्षरांचा ठसा नोंदवला आणि कारखाना चालवला. १८४० मध्ये जावई जॉर्ज अॅडम्स आला आणि पुढची चाळीसेक वर्षं ‘चॉनर अँड कंपनी’चे चमचे-काटे देशभरच्या दुकानांत जात राहिले. नाव मोठ्या दुकानदाराचं, माल यांचा. आज कुठल्याही बाजारात व्हिक्टोरियन काट्यांचा ढीग उपसला तर जी.ए. ही अक्षरं सापडतातच. मेरीची अक्षरं क्वचित. एकदा पुडिंगचा एक सुटा चमचा तिचा मिळाला आणि तो मी लगेच घेतला. त्याचं कारण ठसा नव्हे. त्याचं टोक उजवीकडून झिजलं होतं.

डावखुरा माणूस. त्या काळातल्या इंग्रजी शाळांमध्ये डाव्या हाताने लिहिणाऱ्या पोरांच्या बोटांवर छड्या बसत. लिहायला उजवा हात लावला असेल त्याने, किंवा तिने. पुडिंग खाताना मात्र कुणी अडवलं नसावं. आणि हा चमचा उजवीकडूनच इतका झिजला याचा अर्थ तो ठरवून त्याच माणसाच्या पुढे मांडला जात होता. नोकराने लक्षात ठेवून? की त्यानेच कप्प्यातून शोधून घेतला रोज? बाकीचे अकरा कुठे गेले देव जाणे. ते डावीकडून झिजलेले असतील.

इतकी हत्यारं लागायला कधी लागली, हेही मजेशीर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडात मेजवानी फ्रेंच तऱ्हेची असे. म्हणजे सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडायचे, समोरासमोर, तोल सांभाळून, आणि ज्याने त्याने हात पोचेल तिथलं घ्यायचं. लांबच्या टोकाला ठेवलेला पदार्थ तुमच्यापर्यंत यायचाच नाही. मग रशियन तऱ्हा आली. पॅरिसमधल्या रशियाच्या राजदूताने, प्रिन्स कुराकिनने, ती १८१० च्या सुमाराला तिथे दाखवली असं म्हणतात. इंग्लंडात ती रुजायला १८५० नंतरची दोन-तीन दशकं गेली. हिच्यात टेबलाचा मधला भाग रिकामा, तिथे फुलं आणि मेणबत्त्या. पदार्थ एकामागून एक बाहेरून येणार, हुजऱ्या डावीकडून वाढणार, खाऊन झालं की उचलणार. प्रत्येक पदार्थाचं वेगळं हत्यार आधीच ताटाच्या दोन्ही बाजूंना मांडलेलं. बाहेरून आत येत जायचं.

म्हणजे टेबलावर बसण्याआधीच तुम्हाला आज किती पदार्थ आहेत हे कळायचं, आणि तुम्ही कोण आहात हे इतरांना कळायचं. चुकीचा काटा उचलला की संपलं. कापडगिरण्या, कोळसा, रेल्वेचे शेअर यांतून ज्यांच्याकडे नवा पैसा आला होता ती माणसं या टेबलांवर घाम पुसत बसली असणार. शिष्टाचाराची पुस्तकं त्या काळात खपत ती उगीच नव्हे. सगळ्यात गमतीचं हत्यार म्हणजे मासे खायची सुरी. बोथट, पसरट, कोरीव पात्याची. पोलादाच्या सुरीने मासा कापला, वर लिंबू पिळलं, की तोंडात लोखंडाची चव यायची म्हणून चांदीची. सोय म्हणून उत्तम. पण ती निघाली व्हिक्टोरियन काळात, त्यामुळे खानदानी घरांतल्या वारशाच्या चांदीत ती असणं शक्यच नव्हतं. ते लोक दोन काट्यांनी, नाहीतर एक काटा आणि पावाचा तुकडा घेऊन मासा खात. ज्याच्याकडे मासे खायच्या सुऱ्या आहेत त्याने आपली चांदी स्वतः विकत घेतलीय हे उघड! नव्या श्रीमंताने नजर लागेल असा संच आणावा आणि नेमक्या त्याच संचाने त्याचं बिंग फोडावं. हा निर्दयपणा मला इंग्रजी वर्गव्यवस्थेचा अगदी अर्क वाटतो. जातीची उतरंड बघत वाढलेल्या मराठी माणसाला तो समजायला फार वेळ लागत नाही.

चांदी परवडत नाही त्यांच्यासाठी मुलामा होता. शेफिल्डच्या थॉमस बोल्सोव्हरने १७४०-४५ च्या दरम्यान तांब्यावर चांदीचा पत्रा तापवून चिकटवायची युक्ती काढली होतीच. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन बंधूंनी १८४० साली विजेने मुलामा चढवायचं पेटंट घेतलं. खुबी होती पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणात, आणि ती सुचली होती जॉन राइट नावाच्या एका शल्यवैद्याला. खाली निकेल-चांदी नावाचा धातू, ज्यात तांबं, जस्त, निकेल असतं आणि चांदी औषधालाही नसते. ई.पी.एन.एस. (इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर) ही त्याची चार अक्षरं वेगवेगळ्या चौकटींत अशी ठोकायचे की लांबून खऱ्या ठशांची ओळ वाटावी. आमच्या इथल्या बाजारात आजही हौशी माणूस त्याला फसतो. मुलाम्याच्या चमच्यावर झीज वेगळी दिसते : ताटावर टेकतो तो पाठीचा उंचवटा पिवळट होतो, खालचा धातू डोकावतो. खरी चांदी कितीही झिजली तरी आत चांदीच.

हे सगळं ज्या गावात घडत होतं ते शेफिल्ड मला जवळ आहे. पाच नद्या-ओढ्यांचं गाव, आणि प्रत्येक ओढ्यावर एके काळी पाणचक्क्या. पोर्टर ओढ्यावरचं ‘शेफर्ड व्हील’ अजून उभं आहे. आत अंधारं, ओलसर. वाळूच्या दगडाची मोठी चाकं आणि त्यांच्या मागे लाकडी खोगिरासारखी बैठक. तिच्यावर मांडी टाकून, पुढे वाकून, तोंड चाकाच्या अगदी वर आणून धार लावायची. सुऱ्यांची पाती ओल्या दगडावर घासत. तरी फुप्फुसांत जायचं ते जायचंच. स्वयंपाकघरांत आणि गरिबाघरी वापरायचे पोलादी काटे मात्र कोरड्या दगडावर घासत. दगडाची आणि पोलादाची धूळ सरळ नाकातोंडात. एंगेल्सने १८४५ साली शेफिल्डच्या डॉ. नाइट यांचा दाखला देऊन लिहिलं आहे : कोरड्या दगडावर काम करणाऱ्याचं सरासरी आयुष्य जेमतेम पस्तीस, ओल्यावरच्याचं क्वचितच पंचेचाळिसाच्या पुढे. धूळ ओढून घेणारी यंत्रं निघाली होती. तीही कामगारांनाच नको होती, कारण माणसं जास्त जगली तर धंद्यात गर्दी होईल आणि मजुरी पडेल, ही भीती. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आपलं लवकर मरणं ही आपल्या मजुरीची हमी, असा हिशेब माणूस कोणत्या अवस्थेत करत असेल?

चांदीच्या काट्या-चमच्यांना शाण लागत नसे. त्यांना घडवून, साच्यात ठोकून, दाते कापून, कानस मारून झालं की चकाकी आणायला बायकांच्या हाती देत. शेफिल्डमध्ये त्यांना बफर गर्ल्स म्हणत. फिरत्या चाकावर तेल-वाळूचा रेंदा लावून एकेक चमचा दाबून धरायचा. रेंदा उडून अंगभर काळा चिकटा बसे, म्हणून डोक्याला लाल रुमाल आणि कपड्यांवर दोरीने बांधलेला तपकिरी कागदाचा एप्रन. जुन्या फोटोंत त्या घोळक्याने उभ्या दिसतात, तोंडं काळी, दात पांढरे, आणि बहुतेक जणी हसताना. गावात त्यांचा दरारा होता म्हणे. तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती.

घरात आल्यावर चांदीचं घासणं संपत नसेच. हवेतल्या गंधकाने ती काळी पडते. इंग्लंड तेव्हा कोळशावर जळत होतं आणि घरात गॅसचे दिवे. काळी पडायला दोन दिवस पुरत. १८५१ च्या जनगणनेत देशातल्या घरगुती नोकरांचा आकडा दहा लाखांच्या आसपास होता, त्यातल्या किती जणांची किती संध्याकाळी चांदीपुढे गेली याची मोजदाद कुठे असणार? मोठ्या घरात बटलर रात्री नग मोजून कपाटाला कुलूप लावी आणि पुष्कळदा त्या कपाटाजवळच झोपे. आधीच्या पुडींमध्ये पारा असायचा, त्याने चमक लगेच येई पण चांदी खाल्ली जाई. लेस्टरचा औषधविक्रेता जोसेफ गॉडर्ड याने १८३९ साली बिनपाऱ्याची पूड काढली, तिचं नाव अजून दुकानांत दिसतं. पण उंची घरांत खरं काम अंगठ्याचं. गेरूसारखी लालसर भुकटी ओली करून उघड्या बोटांनी चांदीवर चोळत राहायचं. नव्या पोरांच्या बोटांना फोड येत, फुटत, पुन्हा येत. पुढे कातडी निबर झाली की मग त्या हातांनी आणलेली झिलई फडक्याने येत नाही, असं जुने हुजरे अभिमानाने सांगत.

आणि हा अंगठाही चांदी झिजवतो. म्हणून आता मी चमचा उलटसुलट दोन्हीकडून बघते. टोकाची झीज मालकाची, खाऊन आलेली. दांड्यावरच्या शंखाच्या कडा बोथट झाल्या असतील, घराण्याच्या चिन्हातल्या सिंहाचं आयाळ पुसट झालं असेल, मागचे ठसे सपाट झाले असतील, तर ती नोकराची. एकाच चमच्यावर दोन माणसं असतात. एकाचं नाव तरी चिन्हावरून शोधता येतं.

या पेट्यांचा आपल्याशी संबंध काय? ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी जेवणाच्या टेबलावरून ब्रँडी आणि सिगार फिरवायला चांदीची आगगाडी करून घेतली होती, डब्यांवर इंग्रजीत शिंदे हे नाव, बाटली उचलली की गाडी थांबते. जयविलास राजवाड्यात ती बघायला मिळते. पण ती झाली राजेशाही हौस. माझ्या डोक्यात वेगळाच हिशेब घोळतो. १८७० नंतर जर्मनीने चांदीचं चलन सोडलं, अमेरिकेतल्या नेव्हाडाच्या खाणींतून चांदीचा पूर आला, आणि भाव कोसळला. लंडनमध्ये औंसाला साठ पेन्सच्या आसपास असलेली चांदी १८९४ मध्ये तिसाच्या खाली आली. इंग्लंडच्या मध्यमवर्गाला पेटीतला धातू निम्म्या भावात. तिथलं चलन सोन्याचं, त्यांना काय! आपला रुपया मात्र चांदीचा होता. कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या टांकसाळीत जावं आणि रुपये पाडून आणावेत, अशी तेव्हा मुभा होती. रुपयाला पूर्वी जवळजवळ दोन शिलिंग मिळत, ते १८९४-९५ मध्ये जेमतेम तेरा पेन्सवर आले. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळीची ती मुभाच बंद केली. आणि इंग्लंडात भरायचा खर्च, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शनं, रेल्वेच्या भांडवलावरचं हमीचं व्याज, हे सगळं पौंडात. तेवढेच पौंड पाठवायला दख्खनच्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून जवळजवळ पावणेदोनपट रुपये जाऊ लागले. इंग्लंडातल्या चेल्टनहॅमला निवृत्त झालेल्या एखाद्या कलेक्टरने त्या पेन्शनीतून बायकोला बारा माणसांचा संच घेऊन दिला असेल, तर त्याला तो दोन्ही बाजूंनी स्वस्त पडला. त्याच चांदीच्या बांगड्या-वाळे करून साठवणाऱ्या आपल्या बायकांची पुंजी मात्र कपाटात बसल्या जागी अर्धी झाली.

दागिना काय आणि काटा काय, हेतू एकच होता. गरज लागेल तेव्हा वितळवायला चांदी. आपल्याकडचे सराफ मोड घेताना घडणावळ धरत नाहीत, तसेच लंडनमधलेही. जानेवारी १९८० मध्ये टेक्ससच्या हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या जवळ गेली तेव्हा इंग्लंडातल्या जुन्या चमच्या-काट्यांचे ढीग भट्टीत गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये भावाने पन्नास डॉलर ओलांडले आणि पुन्हा तेच. मोठा काटा साधारण सत्तर ते शंभर ग्रॅमचा. तो झिजलेला असला, चिन्ह पुसलेलं असलं, सोबती हरवलेले असले, तर भट्टीचा भाव बाजाराच्या भावाहून सरस ठरतो. व्यापाऱ्याला दोष द्यायचा नाही, त्यालाही दुकानाचं भाडं आहे. लंडनच्या चान्सरी लेनखाली १८८५ साली श्रीमंतांची चांदी ठेवायला बांधलेली तिजोरीघरं आहेत, पोलादाचं अस्तर लावलेल्या जाड भिंतींची. आता तिथे चांदीचीच दुकानं आहेत. बाँबहल्ल्यात वरची इमारत गेली, खालची तिजोरीघरं राहिली. तिथला माल बघावा, उत्तम असतो, डोळे निवतात. पण थकलेली चांदी तिथवर पोचत नाही. ती आधीच गळते.

म्हणून मी सुटे चमचे घेते. संच नको, पेटी नको, आणि व्हिक्टोरियन माणसांनी आपल्या आधीच्या साध्यासुध्या चमच्यांवर द्राक्षं-सफरचंदं ठोकून त्यांची जी ‘सुधारणा’ केली, तीही नको. (असे सुधारलेले चमचे आजही लग्नाच्या आहेरासाठी खपतात. ज्याची त्याची आवड.) दोन-चार वेगवेगळ्या घरांचे, वेगवेगळ्या अक्षरांचे, वेगवेगळ्या बाजूंनी घासलेले चमचे स्वयंपाकघरातल्या खणात स्टीलच्या चमच्यांशेजारी पडलेले असतात आणि रोज वापरात येतात. रोज वापरली, धुऊन लगेच पुसली, की चांदी काळी पडायचं नाव घेत नाही. काळी पडलीच तर पातेल्यात अॅल्युमिनियमची फॉइल अंथरायची, धुण्याचा सोडा घालून कढत पाणी ओतायचं; काळपटपणातलं गंधक अॅल्युमिनियम ओढून घेतं आणि चांदी जागच्या जागी राहते. अंगठा नको, भुकटी नको. हाच प्रयोग पोकळ मुठीच्या सुरीवर करू नये, मसाला सैल होईल.

मेरी चॉनरचा तो डावखुरा चमचा श्रीखंडाला घेते. केशरी श्रीखंडात तो काय शोभतो म्हणून सांगू! वरणभात चालतो, शेवयांची खीर चालते. लोणच्याच्या बरणीत मात्र चांदी घालायची नाही. मिठाने ती चरते आणि खड्डे पडतात. इंग्रजांनी मिठाच्या चमच्यांना सोन्याचा मुलामा दिला तो याचसाठी. कांदा-लसणातही गंधक असतं, म्हणून ठेच्याला नको. अंड्याला तर मुळीच नको, उकडलेल्या अंड्याने दोन मिनिटांत चमच्याचं तोंड काळं होतं. अंड्याला आमच्याकडे स्टीलचा चमचा आहे, जवळच्या सुपरमार्केटातून आणलेला.